टाइमटेबल कोण लावतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्याच घरातल्या पोरांचा आहे, म्हणून सवडीने वाचा.

या सत्राच्या सुरुवातीला आमच्या भागातल्या एका कॉलेजात ओपन इलेक्टिव्ह निवडायचा फॉर्म सकाळी दहाला खुला झाला. आधी येईल त्याला आधी. बरे वाटणारे दोन विषय सव्वादहापर्यंत भरले. ज्या पोरी साडेनऊच्या एसटीने निघतात आणि ज्यांच्या फोनला वाटेत रेंज नसते, त्या पावणेअकराला कॉलेजात उतरल्या तेव्हा एकच विषय शिल्लक होता, आणि तो कुणालाच नको होता. एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. दोन दिवसांनी ‘अंतिम यादी’ म्हणून एक एक्सेल फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. नाव, मोबाइल नंबर, कुठल्या वारी कितव्या तासाला कुठल्या खोलीत, सगळं त्यात. त्याच रात्रीपासून एका मुलीला अनोळखी नंबरवरून फोन सुरू झाले. तिच्या वडिलांनी तिला आठ दिवस घरी बसवलं.

आता तिथे सॉफ्टवेअर घ्यायचं चाललंय. मी निवृत्त असलो तरी पंधरा-वीस वर्षं टाइमटेबल लावलेला माणूस म्हणून मला बैठकीला बोलावलं. कंपनीच्या मुलाने पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले. छान दिसत होते. मी दोन गोष्टी विचारल्या. दहाच्या ठोक्याला दोन हजार पोरं एकदम आली तर काय होईल? आणि एकदा लागलेलं टाइमटेबल कोण बदलू शकतं, आणि बदललं तर त्याची नोंद राहते का? दोन्हींना उत्तर एकच: “होऊन जाईल, सर.”

घरी आल्यावर वाटलं, हे प्रश्न काही माझ्या डोक्यातून निघालेले नाहीत. त्यांना साठ वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. तोच आज सांगतो.

कॉम्प्युटरने टाइमटेबल लावायची कल्पना गंभीरपणे मांडणाऱ्या पहिल्या मंडळींत टोरांटोचे केल्विन गॉटलिब येतात. कॅनडातल्या संगणकशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. १९६२ साली म्युनिकला भरलेल्या आंतरराष्ट्रीय संगणक परिषदेत त्यांनी वर्ग आणि शिक्षक यांचं टाइमटेबल कसं रचायचं यावर निबंध वाचला. प्रश्न ऐकायला साधा आहे. एक वर्ग, एक शिक्षक, एक तास. शिक्षक एका वेळी दोन वर्गांत नको, वर्गात एका वेळी दोन शिक्षक नकोत. ज्याने ड्रॉइंग शीटवर पेन्सिल आणि खोडरबर घेऊन हे केलंय त्याला माहीत आहे की, मंगळवारचा चौथा तास हलवला की शुक्रवारचं प्रॅक्टिकल कोसळतं. गॉटलिब यांनी हे कोसळणं आधीच ओळखायची रीत शोधली. उरलेल्या घरांत आता काय बसूच शकत नाही, ते यंत्राने आधी खोडत जायचं.

याच गॉटलिब यांनी पुढे १९७३ साली अ‍ॅलन बोरोडिन यांच्याबरोबर संगणकाच्या सामाजिक प्रश्नांवर पुस्तक लिहिलं, आणि माणसांची खासगी माहिती यंत्रात साठली की काय होतं, या प्रश्नावर त्यांनी बरीच वर्षं काम केलं. टाइमटेबलवाला माणूस खासगीपणाकडे वळला हे मला योगायोग वाटत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही, पण टाइमटेबल लावणाऱ्याच्या हातात सगळ्यांची माहिती येते, हे मी स्वतः अनुभवलंय. कुणाला घरी लहान मूल आहे, कोण बाहेर शिकवणी घेतं, कुणाचं कुणाशी पटत नाही... सगळं त्याला कळतं.

त्याच दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये रॉबर्ट होल्झ यांनी ‘गॅस्प’ नावाची प्रणाली केली आणि स्टॅनफर्डमध्ये रॉबर्ट ओकफर्ड यांनी शाळांसाठी दुसरी. गॅस्पबद्दल १९६४ साली एक पुस्तिकाही निघाली. त्यातली एक गोष्ट आजच्या विक्रेत्यांनी ऐकावी अशी आहे. पोरांच्या विषयांच्या मागण्या आधी गोळा करायच्या, मग यंत्र चालवायचं. कुणाचे तास भिडतात ते यंत्र सांगणार, माणूस बदल करणार, पुन्हा चालवणार. एका फेरीत काम होईल असा दावाच नव्हता. आणि मागण्या आधी गोळा केल्यामुळे ‘दहाच्या ठोक्याला कोण आधी’ हा प्रकारही त्या रीतीत नव्हता.

बाकी ठिकाणी मात्र तो प्रकार जोरात होता. तेव्हाच्या अनेक अमेरिकी विद्यापीठांत नोंदणी जिमखान्याच्या मोठ्या हॉलमध्ये होई. विषयागणिक टेबलं, टेबलावर भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. जितक्या जागा तितकी कार्डं. कार्ड मिळालं तर जागा मिळाली, गठ्ठा संपला की विषय बंद. आता हसू येतं, पण त्यात एक गुण होता. एकच जागा दोघांना देणं शक्यच नव्हतं, कारण कार्ड एकच. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पोरांनी एकाच सेकंदाला बटण दाबलं आणि साठ जागांत एकसष्ट बसले, असं होऊ शकतं. ते होऊ नये म्हणून मुद्दाम सोय करावी लागते. कार्डांच्या गठ्ठ्यात ती सोय फुकट होती.

त्या कार्डांचा पोरांना रागही होता. १९६४ साली बर्कलीला विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन झालं. कार्डांवर ‘दुमडू नका, भोसकू नका’ अशा अर्थाची सूचना छापलेली असे. पोरांनी तीच स्वतःच्या छातीवर लावली. माणसाचं कार्ड केलंत, निदान कार्डाइतकी तरी काळजी घ्या, असा त्याचा रोख.

आता खरी गोष्ट. हिच्यासाठीच पोस्ट लिहायला घेतली.

सिअ‍ॅटलमध्ये लेकसाइड नावाची खासगी शाळा आहे, तेव्हा फक्त मुलांची. १९६८ साली तिथल्या मुलांच्या आयांच्या मंडळाने जुन्या वस्तूंची विक्री करून पैसे उभे केले आणि शाळेत टेलिटाइप आलं. टंकलेखन यंत्रासारखं दिसणारं, फोनच्या तारेने दूरच्या मोठ्या कॉम्प्युटरला जोडलेलं. त्या कॉम्प्युटरच्या वेळेला पैसे पडत. पोरांना वेळ कमी पडू लागला. मग काही पोरांनी यंत्रातल्या त्रुटी वापरून फुकट वेळ मिळवला, पकडली गेली आणि त्यांच्यावर उन्हाळ्यापुरती बंदी आली. त्यांत बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन होते. गंमत म्हणजे यंत्रातल्या चुका शोधून देण्याच्या मोबदल्यात वेळ घ्यायचा, असा सौदाही त्याच कंपनीशी याच पोरांनी केला होता.

१९७१ साली लेकसाइडमध्ये सेंट निकोलस ही मुलींची शाळा विलीन झाली. दोन शाळांचे शिक्षक, दोन शाळांचे विषय, आता मुलं-मुली एकत्र. जुनं हाताने लावलेलं टाइमटेबल चालेना. गेट्स आणि त्याचा जिवलग मित्र केंट एव्हान्स यांना शाळेने आधी विचारलं, पण पोरांना ते काम झेपेलसं वाटलं नाही. मग गणिताच्या एका शिक्षकांनी ते हातात घेतलं. १९७२च्या जानेवारीत ते शिक्षक विमान अपघातात गेले. काम पुन्हा या पोरांकडे आलं. त्यांनी रात्री जागून कसंबसं वसंत सत्राचं टाइमटेबल उभं केलं. पुढच्या वर्षाचं नीट, पूर्ण काम बाकी होतं. आणि मे महिन्याच्या अखेरीस केंट एव्हान्स गिर्यारोहणात पडून गेला. सतरा वर्षांचा होता. गेट्सने पॉल अ‍ॅलनला बरोबर घेतलं आणि त्या उन्हाळ्यात दोघांनी ते पुरं केलं.

तेव्हा गेट्स सोळा वर्षांचा. म्हातारपणी त्यानेच मुलाखतीत कबूल केलंय की, प्रोग्रॅम लिहिताना त्याने स्वतःला मुली जास्त असलेल्या वर्गांत बसवून घेतलं. लोक हा किस्सा हसत सांगतात. मीही वर्गात हसतच सांगायचो. आता त्या एक्सेलच्या प्रकरणानंतर तो वेगळा दिसतो. एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेतली प्रत्येक मुलगी कुठल्या तासाला कुठे असणार ते दिसत होतं, तो ते बदलू शकत होता, आणि त्याने बदललं हे त्याने स्वतः सांगेपर्यंत कागदावर कुठे दिसत नव्हतं. पोरगा दुष्ट नव्हता. पण सॉफ्टवेअरच्या सुरक्षेत ज्या तीन गोष्टी बघतात, म्हणजे कोणाला काय दिसतं, कोण काय बदलू शकतं आणि बदलल्याची खूण राहते का, त्या तिन्ही तिथे मोकळ्या होत्या.

आणि गेट्सला कशाला हसू? मी पंधरा-वीस वर्षं टाइमटेबल लावलं आणि त्या सगळ्या वर्षांत मला शनिवारी तास नव्हता. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, “बसतच नाही हो.” बसवलं असतं तर बसलं असतं.

‘बसतच नाही’ हे म्हणणं नेहमीच खोटं नसतं, हेही सांगायला हवं. १९७६ साली शिमोन इव्हन, अलोन इताई आणि अदी शामिर या तीन इस्रायली शास्त्रज्ञांनी टाइमटेबलवर एक निबंध छापला. त्यांनी घेतलेला प्रश्न अगदी लहानसा करून घेतलेला होता. अवघे तीन तास आणि काही शिक्षक असे की, ते जितका वेळ मोकळे तितकेच तास त्यांना शिकवायचे, इकडेतिकडे हलायला जागा नाही. आपले सीएचबीवाले प्राध्यापक डोळ्यांसमोर आणा. मंगळवार-शुक्रवार या कॉलेजात, बाकीचे दिवस दुसऱ्या. तर एवढासा प्रश्नसुद्धा गणितातल्या सर्वात चिवट प्रश्नांच्या कुळातला आहे, हे त्यांनी सिद्ध केलं. म्हणजे प्रश्न मोठा होत गेला की लागणारा वेळ बेफाम वाढू शकतो, आणि प्रत्येक टाइमटेबलला झटपट अचूक उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. तेव्हा “एका क्लिकमध्ये परफेक्ट” असं जो सांगतो, त्याने एक तर आपलं कॉलेज पाहिलेलं नाही किंवा तो आपल्याला पाहून बोलतोय. चांगलं सॉफ्टवेअर अमुक मिनिटांत बरं उत्तर देतं आणि कुठे जमलं नाही ते स्पष्ट दाखवतं. मागायचं ते एवढंच.

यातले शामिर म्हणजे, बँकेच्या व्यवहारांपासून सगळीकडे माहिती गुप्त ठेवायला जी आरएसए पद्धत वापरली गेली, तिच्यातला ‘एस’. ती १९७७ची. टाइमटेबल किती अवघड हे दाखवणारा माणूस वर्षभरात कुलूप बनवणाऱ्यांत होता.

कुलपाची गरज तोवर कायद्यालाही कळली होती. १९७४ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींचा कायदा झाला, फेर्पा म्हणतात त्याला. गुणपत्रकं, वर्गाच्या याद्या, आणि विद्यार्थ्याचं स्वतःचं टाइमटेबल, या सगळ्याला तिथलं शिक्षण खातं ‘शैक्षणिक नोंद’ धरतं. विद्यार्थ्याच्या संमतीवाचून ती एरवी बाहेर द्यायची नाही. टाइमटेबल कसलं गुप्त, असं आपल्याला वाटतं. वर्गाचं टाइमटेबल नोटीस बोर्डावरच लागतं, ते लागायलाच हवं. पण नावासकट लागलेलं टाइमटेबल म्हणजे एका माणसाचा आठवडाभराचा पत्ता असतो.

कायदा झाला तरी सवयी जुन्याच होत्या. १९८४ साली यूटा राज्यातल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने बटणांच्या फोनवरून विषयनोंदणी सुरू केली. ही सोय देणाऱ्या पहिल्यांपैकी ते एक. हॉलमधल्या रांगा गेल्या आणि फोनच्या लाइनी अडू लागल्या. रांग गेली नाही, फक्त दिसेनाशी झाली. आणि रांगेत माणूस चेहऱ्याने ओळखता येई, फोनवर तो फक्त आकडा झाला. त्या काळी कितीतरी अमेरिकी विद्यापीठं सरकारी सोशल सिक्युरिटी क्रमांकच विद्यार्थ्याचा क्रमांक म्हणून वापरत, आणि तोच निकालाच्या यादीत दारावर चिकटवत. आपल्याकडे पीआरएन नंबर आणि पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. पीआरएन यादीत छापलेला, जन्मतारखेला सगळा वर्ग केक कापतो. राहिलं काय गुप्त?

इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाचं उदाहरण मला सगळ्यात उपयोगाचं वाटतं. सुमारे ३९ हजार विद्यार्थी, सुमारे ९ हजार वर्ग आणि ५७०च्या आसपास खोल्या होत्या. २००० नंतरच्या दशकात तिथल्या लोकांनी चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांबरोबर युनिटाइम नावाचं सॉफ्टवेअर उभं केलं. ते खुलं आहे, कुणीही घेऊन वापरू शकतं. त्यात विद्यार्थ्यांची मागणी आधी घेतात आणि टाइमटेबल तिच्याभोवती रचतात, विभाग आपापला भाग बघतात. २०१९च्या आंतरराष्ट्रीय टाइमटेबल स्पर्धेत हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांची खरी माहिती दिली होती. पण विद्यार्थ्यांची नावं काढून, नुसते आकडे ठेवून. जगभरच्या संशोधकांना प्रश्न सोडवायला तेवढं पुरलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला मात्र मोबाइल नंबरासकट यादी लागली.

आता आपलं इथलं. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना राज्यात आधी २०२३-२४मध्ये स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांत आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली. पूर्वी एस.वाय.बी.ए. म्हटलं की एक टाइमटेबल. आता एका बाकावरच्या चौघांची चार. ओपन इलेक्टिव्ह तर दुसऱ्या शाखेचा घ्यायचा, म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान तिन्हींचे तास एकमेकांत अडकले. तीन वेगळे प्रश्न होते, त्यांचा एक झाला. जिथे प्राध्यापकांच्याच जागा रिकाम्या आहेत तिथे हे खांद्यावर पडतं ते कुणातरी सीएचबीवाल्याच्या आणि ऑफिसमधल्या भाऊसाहेबांच्या. ते एक्सेल आणि गूगल फॉर्म वापरतात, कारण दुसरं हातात काही नाही. त्या फाइलबद्दल मी भाऊसाहेबांना दोष देणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मोठ्या प्रमाणावर, तयारीशिवाय यंत्र आणलं की काय होतं हे आपण २०१७ साली मुंबई विद्यापीठात पाहिलंय. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका एकदम पडद्यावर तपासायच्या ठरल्या. ३१ जुलैची मुदत गेली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, पोरांचे पुढचे प्रवेश अडकले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. ते पेपर तपासणीचं होतं, टाइमटेबलचं नव्हे. पण ‘एकदम किती लोक, किती वेळात’ हा प्रश्न खरेदीच्या आधी विचारायचा असतो, हे तिथे पुरेसं महाग पडून कळलं. आणि खासगी माहितीसाठी २०२३ साली आपल्याकडेही कायदा झालाय. त्यामुळे ती एक्सेल फाइल ग्रुपवर टाकणं यापुढे नुसता गलथानपणा म्हणून सोडून देता येणार नाही.

बैठकीत मी काय मागितलं ते लिहितो, कुणाला उपयोगी पडलं तर घ्या. पहिलं, आधी येईल त्याला आधी हे बंद. चार दिवस फॉर्म उघडा, प्रत्येकाने पसंतीक्रम द्यायचा, वाटप नंतर एकदम. एसटीतली पोरगी आणि वायफायवाला पोरगा एका पातळीवर येतात, आणि सर्व्हरचा दहाच्या ठोक्याचा ताणही आपोआप उतरतो. एका प्राचार्यांनी विचारलं, मग महागडा सर्व्हर कशाला? मी म्हटलं, तेच म्हणतोय. निकालाच्या दिवशी गर्दी होईलच, तर आपल्या एकूण पोरांपैकी निम्मी एका वेळी आली तरी पान पाच सेकंदांत उघडलं पाहिजे, आणि हे खोट्या दोन हजार नावांनी आधी आपल्यासमोर करून दाखवायचं. पोराला फक्त स्वतःचं दिसेल, प्राध्यापकाला आपल्या वर्गाची नावं दिसतील, मोबाइल नंबर नाही. पहिल्यांदा आत शिरताना पासवर्ड बदलायलाच लावायचा. लाइट गेली तर छापील प्रत तयार हवी. आणि प्रत्येक बदलाची तारीख, वेळ, नाव यांसकट नोंद, जी टाइमटेबल समितीच्या प्रमुखालाही पुसता येणार नाही.

शेवटच्या मुद्द्यावर कंपनीचा मुलगा म्हणाला, “सर, अ‍ॅडमिनला सगळे अधिकार असतात. नाहीतर चूक झाली तर दुरुस्त कशी करणार?” मी म्हटलं, दुरुस्त कर की, पण दुरुस्त केलीस हे दिसू दे. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो.

पुढची बैठक पंधरवड्याने आहे. ती मुलगी कॉलेजात परत येऊ लागलीय, नंबर बदलून. विषय मात्र तोच मिळाला, नको असलेला. तुमच्या गावच्या कॉलेजात या वर्षी ओपन इलेक्टिव्ह कसे वाटले, आणि यादी कुठे, काय-काय घालून लावली, तेवढं खाली लिहा. बैठकीला जाताना मी छापून नेणार आहे. नावं घालू नका.